आधी मालकाचा रिपोर्ट, मग माझी फाईल

आमची भूम तालुक्यात खव्याची भट्टी आहे. म्हशीचं पाच लिटर दूध आटवलं की किलोभर खवा पडतो. दूध पातळ असलं तर तेवढाही नाही. कढईत ओतलं तेवढं सगळं खाली उतरत नसतं, हे मी लग्न होऊन आले त्या महिन्यातच शिकले. भट्टीची वही माझ्याकडं असते. लेकरासाठी दवाखाने सुरू झाले तेव्हा त्याच वहीच्या मागच्या बाजूनं मी दुसरा हिशोब लिहायला घेतला: तारीख, तपासणी, पैसे, मॅडम काय बोलल्या. २०१२ ते २०२३. हल्ली आमच्या पट्ट्यातल्या बाया ती वही बघायला येतात. कुणाला येता येत नाही, कुणाला सासूला कळू द्यायचं नसतं. त्यांच्यासाठी हे लिहिते.

मी डॉक्टर नाही, बारावी झालेली बाई आहे. तुमची औषधं तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची. पण डॉक्टरांपुढं बसायच्या आधी काय करायचं, काय विचारायचं आणि कुठं वेळ घालवायचा नाही, ते मला सांगता येतं. आलेली प्रत्येक बाई पहिलं विचारते, "कोणता दवाखाना चांगला?" हा प्रश्न दुसरा आहे. दवाखान्याची पायरी चढायच्या आधीच पुष्कळ ठरलेलं असतं.

पहिली चिठ्ठी कुणाच्या नावाची

माझं लग्न २००९ साली झालं, मी बावीस वर्षांची होते. २०१२ ला पहिला दवाखाना. तिथून २०१७ पर्यंत तपासलं गेलं ते फक्त मला. बीज फुटायच्या गोळ्या सहा-सहा महिने, सोनोग्राफ्या, रक्त, येरमाळ्याच्या येडाई देवीचे पाच मंगळवार, एका वैदूचा कडू काढा. मालकांची तपासणी करू म्हटलं की आत्याबाई उसळायच्या, "माझ्या लेकाला काय धाड भरलीया? वाघावानी हाय."

आता गंमत बघा. आमच्या गोठ्यात म्हैस उलटली की हेच लोक पहिलं विचारतात, रेताची कांडी चांगली होती का? कुठल्या वळूची होती? भरवणाऱ्यानं वेळ बरोबर साधली का? म्हशीच्या बाबतीत दोन्ही बाजू बघायचं शहाणपण घराघरात आहे, सुनेच्या बाबतीत ते कुठं जातं कोण जाणे. मूल न होणाऱ्या जोडप्यांत साधारण निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, एकट्याचं तरी किंवा दोघांचं मिळून. आणि त्याची, म्हणजे वीर्याची, तपासणी सगळ्यात स्वस्त आणि सोपी. सुई नाही, भूल नाही, पोटावर काही नाही.

२०१७ ला बार्शीच्या एका मॅडमनी माझी फाईल उघडलीच नाही. म्हणाल्या, "ताई, आधी यांचा रिपोर्ट आणा, मग तुमचं बघू." मालक तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मोटारसायकल काढली.

ही तपासणी करताना काही गोष्टी पाळा. दोन ते सात दिवसांचा संबंधांचा खंड हवा. त्याहून कमी नको, जास्त पण नको. "जास्त दिवस साठलं तर जास्त चांगलं" हा गैरसमज आहे, जुनं झालेलं सुस्त पडतं. नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोचायला लागतो, आणि अंगाच्या उबेत. गावात घेऊन एसटीनं बार्शीला न्यायचा विचार करू नका, तिथंच द्या. तेल किंवा साबण लावायचा नाही. थोडंसं सांडलं तरी लाजून लपवू नका, सांगा, नाहीतर आकडा चुकतो. आणि एका रिपोर्टवर निकाल नाही. दोन-अडीच महिन्यांत ताप येऊन गेला असेल तर आकडा खाली येतो, म्हणून दुसऱ्यांदा करावीच लागते.

रिपोर्टमध्ये तीन ओळी बघायच्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणं एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू (पुरुषाचं बीज), हालणारे ४२ टक्के आणि आकार नीट असलेले ४ टक्के, ही खालची रेघ आहे. चार टक्के वाचून माणसं हबकतात. शंभरातले चार देखणे असले तरी चालतं, असा त्याचा अर्थ. आणि रेघेखाली म्हणजे शून्य असंही नाही. वर्षाच्या आत बाप झालेल्या पुरुषांतही शंभरातले पाच त्या रेघेखालचेच होते, त्यावरूनच ती रेघ ओढली आहे. मालकांचा आकडा होता ६० लाख, हालणारे १८ टक्के. पाच वर्षं मी गोळ्या खाल्ल्या आणि कारण भट्टीपुढं बसलेलं होतं.

भट्टी, तंबाखू आणि मिश्री

भट्टीपुढं म्हणजे शब्दशः. पहाटे चारपासून दहापर्यंत कढईशेजारी उभं राहून हलवायचं, मांडीपर्यंत आच. पुरुषाच्या गोळ्या, म्हणजे अंडकोष, अंगापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड राहाव्यात म्हणून देवानं त्या बाहेर टांगल्यात. रोज सहा तास आच लागली की काम बिघडतं. खवेवाले, बेकरीवाले, वीटभट्टीवाले, लोहार, हॉटेलात तंदूरवर उभे राहणारे, या सगळ्यांनी हे ध्यानात घ्यावं. मॅडमनी अजून एक बघितलं, अंडकोषाच्या शिरा फुगल्यात का ते. त्यांच्या नव्हत्या. असल्या तर त्यावर इलाज असतो, म्हणून तपासून घ्या.

पुरुषाचं नवीन बीज तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणून आज तंबाखू सोडली आणि पुढच्या आठवड्यात रिपोर्ट काढला तर तो जुन्या तंबाखूचाच रिपोर्ट. आम्ही भट्टीला गडी ठेवला, मालक दूध गोळा करायला फिरू लागले. तंबाखू-चुना सुटायला मात्र दोन वेळा लागल्या. पाच महिन्यांनी आकडा १ कोटी ४० लाख, हालणारे ३४ टक्के. वाघ झाला नाही, पण उठून बसला.

फवारणी करणाऱ्यांनी तोंड-हात झाकून, वाऱ्याची दिशा बघून फवारावं आणि तेच कपडे घालून घरात वावरू नये. आणि तालमी-जिमवाल्या पोरांसाठी: दंड फुगवायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात ना, त्यानं बीज वाढत नाही, उलट बंद पडतं. माझ्या भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आता बायकांचं. दवाखान्यातल्या फॉर्मवर विचारतात, "धूम्रपान करता का?" आपण लिहितो, नाही. खरंच आहे, विडी कोण ओढतं? पण सकाळी दात घासायला मिश्री असते, दुपारी परत एकदा असते, डोकं दुखलं की असते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. फॉर्मवर तो शब्दच नसतो, म्हणून कुणी विचारत नाही आणि आपण सांगत नाही. मी नऊ वर्षं लावत होते. तंबाखूनं बायकांच्या बीजावर परिणाम होतो आणि राहिलेल्या गरोदरपणावरही. मी सोडली तेव्हा पंधरा दिवस कुणाशी धड बोलले नाही. बडीशेप चघळून निभावलं.

वय

यावर लांबड लावत नाही, पण सगळ्यात वजनदार गोष्ट हीच आहे. बाई जन्मते तेव्हाच तिची सगळी बीजं तिच्या पोटात असतात. नवीन तयार होत नाहीत. संख्या घटते तशी प्रतही उतरते. पस्तिशीनंतर उतार लागतो, सदतीस-अडतिसाव्या वर्षानंतर घसरण. स्वतःच्या बीजावर टेस्ट ट्यूब बेबी केलं तर पस्तिशीच्या आत एका भ्रूणामागं साधारण तिनात एक लेकरू हाती येतं, चाळिशी ओलांडली की दहात एखादं, त्रेचाळीस-चव्वेचाळीसला शंभरात पाच. कितीही मशिनरी असली तरी हे गणित दवाखान्याला फिरवता येत नाही. दूध जसं असेल तसाच खवा पडणार.

म्हणून पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर घरी प्रयत्न करा, मग तपासा. पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिनेच. पाळी अनियमित असेल, पोटात टीबी होऊन गेला असेल, नवऱ्याला कधी गालगुंडात खाली सूज आली असेल, तर वाट बघूच नका. घरी प्रयत्न करायचे दिवस पुढची पाळी येण्याच्या चौदा दिवस आधीपासून मागं मोजायचे. बीज फुटायचा दिवस आणि त्याआधीचे पाच, असे सहाच दिवस कामाचे असतात. गाव सोडून पुण्याला कामाला असलेला नवरा दर अमावस्येला घरी येत असेल तर अमावस्या त्या सहा दिवसांत बसते का, एवढं तरी बघा. मी एका पोरीला एवढंच कॅलेंडरवर दाखवलं होतं. तिला दवाखाना लागला नाही.

माझं वय कुठं गेलं ते वहीत दिसतं. पाच वर्षं माझ्याच तपासण्यांत. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या साली जनावरं छावणीत होती, भट्टीला दूध नव्हतं, दवाखान्याला पैसे नव्हते. वहीत नऊ महिने कोरे. पुढं कोरोनाची दोन वर्षं. दुष्काळ माझ्या हातात नव्हता. पहिली पाच वर्षं होती.

माझ्या बाजूच्या तपासण्या

एएमएच नावाची रक्ताची तपासणी पाळीच्या कुठल्याही दिवशी होते. ती बीजं किती उरली याचा अंदाज देते, चांगली किती हे नाही. माझी पहिल्यांदा २.१ आली, तर शेजारणीनं "दोनच राहिली" म्हणून गावभर केलं. थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन बघून घ्या आणि आधी सुधारून घ्या. रुबेलाची लस घेतली नसेल तर ती घ्या आणि पुढं महिनाभर थांबा. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी निदान महिनाभर आधीपासून, जमलं तर तीन महिने. साखर किंवा दुसरा आजार असेल तर डोस डॉक्टर वाढवतात. वजन जास्त असून पाळी लांबत असेल तर ऐंशी किलोच्या बाईनं चार-आठ किलो उतरवले तरी पुष्कळदा बीज आपोआप फुटायला लागतं.

गर्भपिशवीच्या नळ्यांवर मात्र थांबायला हवं, कारण आमच्याकडं घोटाळा तिथंच असतो. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं हे बाया वर्षानुवर्षं अंगावर काढतात. ऊसतोडीला गेलेल्या बाईला आडोसा नाही, पाणी नाही, मुकादम सुट्टी देत नाही. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची २०१९ मध्ये एवढी चर्चा झाली, त्याच्या मागं हेच दुखणं होतं. वेळेवर औषध नाही मिळालं की संसर्ग नळ्यांपर्यंत जातो. दुसरं कारण टीबी. छातीत काही नसतं, खोकला नसतो, पण नळ्या आणि पिशवीचं अस्तर पोखरलेलं असतं. घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे, कोर्स पुरा करायला लागतो.

नळ्यांचा एक्स-रे पाळी थांबल्यावर, साधारण दहाव्या दिवसाच्या आत काढतात. दुखतं. "काही होत नाही" म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. आधी तासभर दुखण्याची गोळी घेऊ का, हे विचारा आणि सोबत कुणाला तरी न्या. माझी उजवी नळी टोकाला बंद होती आणि आत पाणी साठलं होतं. हे पहिल्या एक्स-रेतच लिहिलं होतं. पण एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात २०१९ ला माझा टेस्ट ट्यूब बेबीचा पहिला प्रयत्न झाला तेव्हा त्याकडं कुणी लक्ष दिलं नाही, आणि मला इंग्रजी रिपोर्ट कळला नाही. फुगलेल्या नळीतलं पाणी पिशवीत उतरतं आणि ठेवलेला गर्भ रुजू देत नाही. त्यानं यश जवळपास निम्म्यावर येतं. आधी दुर्बिणीनं ती नळी काढतात किंवा तिचं तोंड बंद करतात. म्हणून माझं सांगणं, प्रत्येक रिपोर्टची झेरॉक्स आपल्याकडं ठेवा आणि शेवटची ओळ डॉक्टरांकडून मराठीत वहीत लिहून घ्या. नव्या दवाखान्यात गेलात की ती वही टेबलावर.

आययूआय

नवऱ्याचं बीज धुऊन, निवडून पिशवीत सोडतात. एक तरी नळी मोकळी हवी आणि हालणारं बीज पुरेसं हवं. एका वेळेला यश दहा-पंधरा टक्के, वय जास्त असेल तर त्याहून कमी. तीन-चार वेळा करून बघावं, मग पुढचं ठरवावं. आमच्या ओळखीत एकीनं अकरा वेळा केलं. अकराव्या वेळेला ती एकोणचाळीस वर्षांची होती.

कढई आटते तशी

टेस्ट ट्यूब बेबी नवीन नाही. इंग्लंडमध्ये आणि कोलकात्यात १९७८ लाच झालं, आणि मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून १९८६ मध्ये. तरी गावात अजून "बाटलीतलं लेकरू" म्हणतात. म्हणू द्या.

मी याची पायरी पायरी अशी समजून घेतली. नऊ ते बारा दिवस रोज इंजेक्शनं, म्हणजे एका महिन्यात एकच बीज पिकायचं तिथं दहा-बारा पिकतात. मग भूल देऊन सुईनं ती काढतात. २०२२ ला माझी ११ निघाली. पक्की ९. त्यातली फळली ६. पाचव्या दिवसापर्यंत टिकली ३. पाचवर एक नाही, पण आटलं बघा किती. फोनवर रोज आकडा कमी होत जातो तेव्हा बाया रडतात. मला रडू आलं नाही, कारण मी रोज कढईत तेच बघते. आटणं हे बिघडणं नाही. उलट "आमच्याकडं सगळीच बीजं फळतात" असं कुणी सांगितलं तर मी उठून येईन.

इंजेक्शनांपैकी काही २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, दारात नको, बर्फाला टेकून तर नकोच. माझी चूक सांगते. २०१९ ला दिवसभर लाईट नव्हती म्हणून मी शहाणपणानं इंजेक्शनांचा डबा खव्याच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवला. गोठली. गोठलेलं औषध परत वितळवून चालत नाही; चौदा हजार रुपये आणि दोन दिवस गेले. दुसऱ्या वेळी मी लातूरला नणंदेकडं पंधरा दिवस राहिले. भूमहून दर दोन दिवसांनी सोनोग्राफीला जायचं तर एसटीत निम्मा दिवस जातो. आता बायकांना अर्धं तिकीट आहे, पण वेळ पूर्णच लागतो. बेत करताना राहायची सोय दवाखान्याच्या आधी बघा.

शेवटचं इंजेक्शन ठरलेल्या मिनिटाला. त्यानंतर साधारण छत्तीस तासांनी बीजं काढतात; वेळ चुकली तर बीजं हाताला न लागण्याची भीती असते. माझं रात्री साडेदहाचं होतं. तीन मोबाईलला गजर लावला होता, त्यातला एक नणंदेच्या सासऱ्यांचा.

बीजकोशात बारीक गाठी (पीसीओडी) असलेल्या, एएमएच जास्त असलेल्या पोरींनी एक जपावं. आमच्या शेजारच्या वाशी तालुक्यातल्या एका सत्तावीस वर्षांच्या पोरीची २४ बीजं निघाली, घरचे खूश. तिसऱ्या दिवशी पोट टम्म, लघवी कमी, धाप. याला थांबून बघायचं नसतं, त्याच रात्री दवाखाना गाठायचा. अशा वेळी डॉक्टर त्या महिन्यात गर्भ ठेवत नाहीत, गोठवून पुढच्या महिन्यात ठेवतात. "लगेच का नाही?" म्हणून त्यांच्याशी भांडू नका.

टक्केवारी कशी विचारायची

तालुक्याच्या ठिकाणी मोफत शिबिराचे फलक लागतात. तपासणी मोफत असते, पॅकेज नसतं. फलकावर "७० टक्के यश" लिहिलेलं असतं. दुधाच्या डेअरीत फॅट विचारता तसं इथं विचारा. यश म्हणजे चाचणी आली ते, ठोके दिसले ते, की लेकरू घरी गेलं ते? माझ्या वयाच्या बायकांत किती? इंजेक्शनं सुरू केलेल्या शंभरांत, की गर्भ ठेवलेल्या शंभरांत? मधल्या मधे गळालेल्या बाया दुसऱ्या हिशोबात धरतच नाहीत, म्हणून तो आकडा फुगतो. तिसऱ्या प्रश्नाला माझ्यापुढच्या एका समुपदेशक बाईनं पाणी मागवलं होतं. लातूरच्या मॅडमनी मात्र कागद घेतला आणि लिहून दाखवलं. मी तिथं थांबले ते त्या कागदामुळं.

पॅकेजमध्ये इंजेक्शनं धरली आहेत का, गोठवण्याचे पैसे धरले का, दुसऱ्यांदा गर्भ ठेवायचे किती, हे लिहून घ्या. जादा गोष्टी सुचवतील, कसली तरी ड्रिप, गर्भाच्या कवचाला छिद्र, अजून काही. यातल्या पुष्कळ गोष्टींनी लेकरू होण्याची शक्यता वाढते असं ठरलेलं नाही. ब्रिटनची सरकारी नियामक संस्था तर त्यांना रंग देऊन ठेवते, पुरावा कुठं आहे नि कुठं नाही. "हे माझ्यासाठी का?" एवढं विचारा.

दवाखान्याची नोंदणी टेस्ट ट्यूब बेबीच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणं झालेली हवी, प्रमाणपत्र बघा. त्या कायद्यात बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ आहे. मुलगाच हवा म्हणून कुणी दबक्या आवाजात काही सुचवलं तर तो गुन्हा आहे, आणि असं सुचवणारा माणूस दुसरंही काही खरं सांगत नसणार.

ठेवल्यानंतर

"एकदाच दोन ठेवा, दोन्ही होऊन जातील," हा सल्ला आमच्याकडं प्रत्येक जण देतो. जुळी म्हणजे दिवस भरायच्या आधी बाळंतपण, कमी वजनाची लेकरं, काचेची पेटी; आणि काचेची पेटी भूममध्ये मागून मिळत नाही. पाचव्या दिवसाचा चांगला गर्भ असेल तर एकच ठेवा. मी एकच ठेवला.

ठेवताना लघवी भरलेली लागते, म्हणजे सोनोग्राफीत पिशवी नीट दिसते. पाच-दहा मिनिटांत उरकतं, दुखत नाही. मग पंधरा दिवस पलंगावर पडून राहायचं? २०१९ ला मी राहिले होते, उशा पायाखाली घेऊन. पडून राहिल्यानं रुजत नाही आणि उठल्यानं पडत नाही. दुसऱ्या वेळी मी स्वयंपाक केला, वही लिहिली, फक्त दुधाच्या घागरी उचलल्या नाहीत. गर्भ टिकायला देतात ती प्रोजेस्टेरॉनची औषधं सांगितल्या वेळेला घ्यायची. थोडं लाल दिसलं म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाहीत. घरची पट्टी लवकर लावून बघू नका, बीजं काढायच्या आधीच्या त्या शेवटच्या इंजेक्शनचा अंश उरला असेल तर ती खोट्या दोन रेघा दाखवते. बारा-चौदा दिवसांनी रक्ताची तपासणी. आणि ती आली म्हणून पेढे वाटायचे नाहीत; आम्ही खवेवाले असून वाटले नाहीत. सहाव्या-सातव्या आठवड्यात ठोके दिसेपर्यंत थांबलो.

नळी दुर्बिणीनं बंद केली, मिश्री-तंबाखू सुटली, भट्टीला गडी आला, इंजेक्शनं नीट राहिली. २०१९ आणि २०२२ यांत एवढं बदललं होतं. यातलं नेमकं कशानं जमलं म्हणून विचारतात. आत्याबाई म्हणतात येडाईनं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, चैत्र पौर्णिमेच्या तिच्या यात्रेला चुनखडी वेचायला लेकीला घेऊन मीही जाते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाली ती, २ किलो ७०० ग्रॅम.

दोन गर्भ लातूरला गोठवून ठेवलेले आहेत, म्हशीला भरवायला येणाऱ्याच्या डब्यात असतं त्याच थंडगार नत्रात. दर वर्षी त्याचं भाडं भरायला लागतं, आणि कायद्यानं दहा वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. हे पण आधीच विचारून ठेवा: किती उरले, भाडं किती, नको असतील तर सही कुणाची. मालक म्हणतात दुसरं बघू. मी अडतीसची झाले, भट्टी वाढलीय, लेक रात्री अजून तीनदा उठते. ह्या वर्षीची पावती मीच फाडून आणली आणि वहीत चिकटवली. पुढच्या वर्षीचं अजून बोललो नाही.